दोसानच्या खिडकीची काच

कपाटातले चहाचे पेले किणकिणले, एवढंच झालं होतं. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईने कपडे धुण्याचं यंत्र घेतलं होतं आणि पिळायची वेळ आली की ते यंत्र दावं तोडलेल्या घोड्यासारखं उधळायचं, हे झुबारेवला नंतर कळलं. त्या क्षणी मात्र तो त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने उठू नये इतक्या झटक्यात खुर्चीतून उठला, थंडीच्या तोंडावर खिडक्यांच्या फटींवर साबण लावून चिकटवलेल्या कागदी पट्ट्या त्याने टराटरा फाडल्या, आणि घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. आधी स्वयंपाकघरातली, मग झोपायच्या खोलीतली, शेवटी बाल्कनीचं दार. बाहेर सेमिपालातिन्स्कचा फेब्रुवारी उभाच होता. तो आत आला आणि घरचाच असल्यासारखा पलंगावर बसला. झुबारेव खोलीच्या मधोमध, काचांपासून लांब, तोंड किंचित उघडं ठेवून उभा राहिला. तोंड उघडं असलं की कानाचे पडदे फाटत नाहीत. धक्का आलाच नाही. वर यंत्राने पाणी सोडलं, ते नळ्यांमधून खळखळत खाली गेलं, आणि तेवढ्यात बाजारातून मटण घेऊन आलेली त्याची बायको रायखान दारात उभी राहिली.

“कोण यायचंय?” तिने विचारलं.

“कोणी नाही.”

“मग दारं-खिडक्या कुणाच्या स्वागताला? वेन्या, बारा वर्षं झाली ते बंद होऊन. आता साधा फटाका फोडायची ऐपत राहिलेली नाही त्यांची.”

“सवय,” तो म्हणाला.

“लोकांना पेपर वाचायची सवय असते,” रायखान म्हणाली आणि अंगातला कोट न काढताच खिडक्या लावत सुटली.

सवय एकट्या झुबारेवची नव्हती, सगळ्या शहराची होती. शहराबाहेरच्या स्टेपच्या गवताळ मैदानात जमिनीखाली अणुचाचण्यांचे स्फोट व्हायचे त्या काळात घरसमितीची बाई सकाळी जिन्याजिन्याने ओरडत जायची, आज भांडी खाली ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि मग बायका आपापल्या कपाटातली चिनी मातीची भांडी जमिनीवर मांडून भोवती बसायच्या, जणू ती तापाने आजारी आहेत. ठरल्या वेळी छताचा दिवा झोके घ्यायचा, थांबायचा, आणि भांडी पुन्हा कपाटात जायची. या प्रकाराला कोणी काही नाव दिलं नव्हतं. नाव दिलं असतं तर त्याबद्दल बोलावं लागलं असतं. पण इतरांच्या अंगातून ती सवय हळूहळू निघून गेली आणि झुबारेवच्या अंगात राहिली, त्याला कारण होतं, आणि ते कारण बाल्कनीतल्या खिडकीत, डावीकडून दुसऱ्या चौकटीत बसवलेलं होतं.

त्या दिवशीच्या हवाखोरीत रायखानची जिरॅनियमची रोपं मेली आणि बाल्कनीची जुनी चौकट तडकली. जिरॅनियमबद्दल रायखान दोन दिवस बोलली. चौकटीबद्दल बोलली नाही, फोन करून प्लास्टिकच्या खिडक्या बसवणाऱ्याला बोलावलं. शहरात सगळीकडे तेच चाललं होतं. पांढऱ्या, घट्ट, जर्मन म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि बहुधा ओम्स्कला बनणाऱ्या खिडक्या. झुबारेवला खरं तर आनंद झाला. पंचवीस वर्षांपूर्वी आजूबाजूचे सगळेच करत होते तशी त्यानेही मिळेल त्या काचांनी बाल्कनी बंद केली होती. दोन चौकटी मोडीत निघालेल्या बसच्या, एक काकडीच्या काचघराची, आणि एक काच सासऱ्याच्या, दोसानच्या घराची. आता नवीन खिडक्या येतील, जुनं सगळं खाली कचऱ्यात जाईल, आणि ती काच कोणी मुद्दाम न काढता निघून जाईल. इतका सोयीचा शेवट त्याला सुचला नसता, तो आपणहून चालून आला होता.

“बाबांची काच मात्र सांभाळून काढायची,” मटण चिरता चिरता रायखान म्हणाली. “तिच्यातून कापून बाबांच्या फोटोला बसवू. फोटो कधीचा उघडाच आहे, कडा पिवळ्या पडल्यात. टेबलाच्या वर लावू.”

“काच कापताना फुटेल,” झुबारेव म्हणाला.

“ती?” रायखान हसली. “ती नाही फुटायची.”

म्हणजे आतापर्यंत निदान लोणच्याच्या बरण्या आणि स्कीच्या काठ्या यांच्या आड बाहेर थंडीत उभी असलेली काच आता आत येणार होती, जेवायच्या टेबलावर, रोज समोर, आणि तिच्या मागून दोसान बघणार होता. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रायखान ती गोष्ट सांगणार होती. झुबारेवला त्या काचेपेक्षा त्या गोष्टीची जास्त भीती वाटत असे. चाळीसहून जास्त वर्षं तो ती गोष्ट लग्नात, बारशात, रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणसांसमोर ऐकत आला होता, आणि दर वेळी त्याला खाली बघून, विनयशील माणसासारखं, काट्याने बटाटा कुस्करत बसावं लागलं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात थंडी जरा उतरल्यावर खिडकीवाला आला. ओराझबेक नाव, पन्नाशीचा, मांसाच्या कारखान्यात पूर्वी यंत्रं दुरुस्त करणारा. कारखान्यात आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हात चालायचे तसं तोंडही चालायचं. बाल्कनीत शिरताच त्याने बसच्या काचेवर टकटक केली. “अरे वा. ही चौदा नंबरची बस. या खिडकीशी बसून मी शाळेत जायचो, आपा. इथे खाली च्युइंगगम चिकटवलेलं असेल बघा.”

“बघ, आणि ने परत,” रायखान म्हणाली. “पण ती दुसरी काच जपून. ती माझ्या बाबांची.”

झुबारेव दारातल्या स्टुलावर बसला. ओराझबेक पटाशीने वाळलेली पुट्टी काढत होता. पुट्टीचे तुकडे खाली पडत होते, त्यांना अळशीच्या तेलाचा जुना वास होता, आणि झुबारेवला वाटलं की आपण तोंडाने श्वास घ्यावा. वासाचं काही सांगता येत नाही. माणूस स्टुलावर बसलेला असतो आणि वास त्याला पंचविशीत नेऊन सोडतो, परतीची सोय न करता.

पंचविशीत तो बांधकाम तुकडीचा लेफ्टनंट होता. इर्तिश नदीच्या काठावर, नकाशावर नसलेलं एक गाव वसवलं होतं. गावाला नाव नव्हतं, टपालाचा एक आकडा होता, म्हणून सगळे त्याला नुसतं ‘किनारा’ म्हणत. तिथून पुष्कळ आत, गवताच्या सपाट मैदानात, एक मध्य ठरवलेला होता, आणि त्या मध्याकडे तोंड करून झुबारेव आणि त्याचे शिपाई काँक्रीटच्या इमारती उभ्या करत. उंच, अरुंद, पुढे झुकलेल्या, मान लांब केल्यासारख्या. शिपायांनी त्यांना ‘हंस’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे वरिष्ठसुद्धा गंभीर चेहऱ्याने ‘तिसऱ्या रांगेतला हंस कुठवर आला?’ असं विचारू लागले. हंसांच्या पोटात यंत्रं बसायची. दाब मोजणारी, उष्णता मोजणारी, फोटो काढणारी. हंसांना एवढंच काम, मध्याकडे टक लावून बघायचं आणि न पडता उभं राहायचं. मध्यावर काय होणार हे झुबारेवला अधिकृतपणे माहीत नव्हतं. ज्या भिंतीची जाडी हातभर नव्हे, पुरुषभर ठेवायला सांगतात ती भिंत हवामान मोजण्यासाठी नाही एवढं कळायला अधिकृत माहिती लागत नाही. ओतकाम एकदा सुरू झालं की थांबवायचं नाही, सांधा राहिला तर तिथून भिंत फुटते. शिपाई पाळीपाळीने झोपत, काँक्रीट झोपत नसे. तो चांगला बांधकामवाला होता. त्याच्या हंसांना सांधा नव्हता. याचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अजूनही, नको त्या वेळी, होता.

रबर मात्र येईना. यंत्रांना खालून धक्का बसू नये म्हणून त्यांच्या बैठकीखाली रबराच्या जाड गाद्या हव्या होत्या. त्या मागवल्या होत्या, मंजूर झाल्या होत्या, रवाना झाल्याचंही कळलं होतं, आणि कुठल्यातरी स्टेशनावर त्या बहुधा आजही वाट बघत असतील. शेवटी कोणाच्या तरी डोक्यात आलं की इथले लोक लोकर मळून जाड नमदे करतात, तेच घाला. नमदे शोधत झुबारेव दोसानच्या घरी पोचला. हंसांच्या रांगांपासून ते घर फार लांब होतं, पण लांबवरचा दाब मोजायला तिथे जवळच त्याने एक छोटी, कमरेएवढी खोली बांधली होती. शिपाई तिला ‘पिल्लू’ म्हणत. दोसान सामुदायिक शेताची मेंढरं राखायचा. मातीचं घर, पुढे खिडक्या, आणि त्या खिडक्यांना काचा. एकट्या घराला काचा म्हणजे मोठीच गोष्ट. दोसानने त्या शहरातून, गवताच्या गाडीत, गवतापेक्षा सावकाश आणल्या होत्या. एका काचेत बारीक बुडबुडा होता आणि तिच्यातून पाहिलं की अख्खा स्टेप पाण्यासारखा हलायचा. खिडकीजवळ त्याची मुलगी बसलेली असायची. कोपरापर्यंत लोकरीत माखलेली, सतरा वर्षांची, त्याच्याकडे मुळीच न बघणारी.

“तुमचे ते हंस, लेफ्टनंट,” दोसान घोडीचं आंबवलेलं दूध वाडग्यात ओतत विचारायचा, “अंडी कधी घालणार?”

“घालतील लवकरच.”

“आणि हे पिल्लू? हे काय करतं?”

“हे हवामान बघतं.”

“हवामान बघायला मी आहे की. मला वर्दी द्या, मी याच्यापेक्षा कमी सिमेंट खातो.”

मुलगी तोंड फिरवून हसायची. तिने मळलेले नमदे झुबारेवने स्वतःच्या हाताने कापून यंत्रांखाली घातले. पुढे यंत्रं जशीच्या तशी, एकही काटा न वाकता परत आली तेव्हा वरून आलेल्या तज्ज्ञाने विचारलं होतं, हे कुठलं साहित्य? आणि झुबारेवने सांगितलं होतं, स्थानिक.

“आपा, काचेत बुडबुडा आहे बरं का,” ओराझबेक बाल्कनीतून म्हणाला. “मागाहून मी केला म्हणाल.”

“माहितेय मला. जन्मापासून माहितेय,” रायखान म्हणाली. ती हात पुसत दाराशी आली होती आणि झुबारेवला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं, एक खांदा चौकटीला, पदरासारखा पुढे ओढलेला डोक्याचा रुमाल, की आता गोष्ट सुरू होणार. त्याने हाताशी काटा आणि बटाटा आहे का पाहिलं. नव्हता.

“या काचेचं काय आहे, ओराझबेक, ऐक. तो पहिला मोठा स्फोट झाला ना, टॉवरवरचा, तेव्हा आम्ही तिथेच होतो. आजूबाजूच्या वस्त्यांमधली एक काच राहिली नाही. चुली ढासळल्या, दारं उडाली. आणि आमच्या घराच्या चारही खिडक्या शाबूत. का? तर हे जे स्टुलावर बसलेत ना, हे लेफ्टनंट, हे आदल्या दिवशी आले आमच्याकडे. चालत. एवढ्या उन्हात, चालत. बोलायची बंदी होती, बोलले असते तर उभं केलं असतं भिंतीशी. तरी आले आणि बाबांना म्हणाले, दोसान-आगा, उद्या सकाळी सगळ्या खिडक्या आणि दारं उघडी ठेवा, चूल विझवा, आणि सगळे घराबाहेर अंगणात उभे राहा. बस, एवढंच बोलले. बाबांनी तसंच केलं. आणि काच बघ, तुझ्या हातात आहे.”

“शाब्बास, आजोबा,” ओराझबेक मनापासून म्हणाला.

झुबारेवने मान हलवली. एके काळी त्याने ठरवलं होतं की रायखानला सगळं सांगायचं. तिला बसवायचं आणि सांगायचं की मला माहीत होतं. पण त्यात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याला माहीत होतं, हे तिच्या गोष्टीत होतं. आदल्या दिवशी माहीत होतं, हेही होतं. तो घाबरलेला होता, हे होतं. त्याने त्यांना अंगणात उभं केलं, हेही शब्दशः होतं. त्याच्या गुन्ह्याचा एकूणएक तपशील रायखान चारचौघांत सांगत आली होती, फक्त कौतुकाच्या सुरात. त्या गोष्टीत एकच वाक्य खोटं होतं, की तो चालत आला. तो ट्रकमधून आला होता. पण गोष्ट सांगणारे थोडं ऊन वाढवतात, थोडं अंतर वाढवतात, आणि रायखानला सांगण्याची हौस होती, म्हणून त्याने ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

ट्रकमधून आला होता. सिमेंटचा ट्रक, रिकामा. मोठ्या वस्त्यांतली माणसं आणि गुरं त्या आधीच्या दिवसांत हलवली होती. एकट्या घराला वस्ती म्हणत नाहीत, म्हणून दोसानचं घर कुठल्याच हिशेबात नव्हतं. एरवी तो त्या महिन्यात वरच्या कुरणात असायचा, पण त्या उन्हाळ्यात घोड्याने लाथ मारून त्याचा पाय मोडला होता आणि मेंढरं घेऊन दुसरेच गेले होते. झुबारेव पिल्लाच्या झडपा बंद करायला आला होता. झडपा बंद केल्या, कुलूप घातलं, आणि मग घराच्या धुराड्यातून निघणारा धूर बघत बराच वेळ उभा राहिला. तेव्हा त्याच्या डोक्यात जे झालं ते त्याला आजही रेषेरेषेने आठवतं. त्याने माणसं पाहिलीच नाहीत. त्याने इमारत पाहिली. मातीची भिंत एवढी जाड, छप्पर हलकं, मध्यापासूनचं अंतर अमुक, दाब साधारण अमुक. भिंत टिकेल. चूल पडेल. काचा राहणार नाहीत, पण खिडक्या उघड्या असतील तर आतला-बाहेरचा दाब सारखा होईल आणि काचा राहतील. आत थांबले तर अंगावर छप्पर यायचा धोका, तेव्हा माणसांनी बाहेर. सगळं बरोबर. परीक्षेत याला पैकीच्या पैकी मिळाले असते. आणि वर आणखी एक सोय अशी की खिडक्या उघड्या ठेवा हे वाक्य गुपित नव्हतं. ते कोणीही कोणालाही म्हणू शकतो. इथून निघून जा, हे गुपित होतं. निघून जा म्हटलं की का, आणि का म्हटलं की भिंत. भीती आणि माणुसकी या दोघांनाही नेमकं बसेल असं एक वाक्य त्याला सापडलं होतं, आणि सांधा न ठेवता ते त्याने ओतलं.

तिसऱ्या दिवशी यंत्रं आणायला तो पुन्हा गेला, नाकाला फडकं बांधून. पिल्लू उभं होतं. दोसानच्या अंगणावरून त्या सकाळी नेमका किती दाब गेला हे त्या यंत्राने नोंदलं होतं आणि तो आकडा झुबारेवच्या अंदाजाला इतका जुळत होता की त्याने स्वतःशीच शीळ घातली. दोसान कुबडीवर दारात आला. त्याच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं.

“चारही शाबूत, लेफ्टनंट!” तो पाहुण्याला घोडा दाखवावा तसा काचा दाखवत म्हणाला. “काय सूर्य उगवला होता! दुसरा. मी म्हटलं बघून घ्यावा, पुन्हा कुठे दिसणार. नंतर काळं काहीतरी पडत होतं आकाशातून, मऊ. रायखानने तोंड वर करून जिभेवर घेतलं, म्हणाली, चव नाही.”

“पोरकट,” रायखान म्हणाली होती, लाजून.

त्या दिवशी यंत्रं नमद्यांत गुंडाळून, नवजात मुलांसारखी, ट्रकमध्ये ठेवली गेली आणि किनाऱ्यावर नेली गेली, त्यांना उशीर होऊ नये म्हणून ट्रक कुठेही थांबला नाही. झुबारेव पुढचे काही दिवस खुशीत होता. एकही काच नाही! या खुशीला तो आजवर क्षमा करू शकलेला नव्हता. भीती समजण्यासारखी असते. ती खुशी काय होती?

मग हळूहळू बाकीचं आलं. मेंढरांची लोकर एका बाजूने गळाली. दोसानचे डोळे पुढच्या हिवाळ्यापर्यंत गेले. आंधळा दोसान संध्याकाळी काचांवरून हात फिरवून त्या आहेत ना हे बघत असे. नंतर त्याच्या घशाखाली घास उतरेना. झुबारेव जात राहिला, औषधं नेत राहिला, साखर नेत राहिला, आणि तिसऱ्या वर्षी त्याने रायखानला मागणी घातली. हे प्रेम होतं की नुकसानभरपाई, हे त्याने बराच काळ तपासलं, आणि मग एके दिवशी ती भाजीच्या रांगेत उभी असताना तिला लांबून पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की प्रेम आहे, आणि त्यामुळे काहीच सोपं होत नाही. दोनदा घरात पाळणा आला. दोनदा तो रिकामाच शेजारणीला दिला. दुसऱ्यांदा डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, कारण सांगता येत नाही. झुबारेवही काही बोलला नाही. बोलायची सवय गेली होती. दोसान वारल्यावर रायखान रिकाम्या घरी जाऊन एक काच काढून घेऊन आली, रजईत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन, आणि वाटेत कोणी विचारलं, बाळ आहे का, तर ती हो म्हणाली, असं तिने त्याला हसत हसत सांगितलं होतं.

“निघाली,” ओराझबेक म्हणाला. त्याने काच दोन्ही हातांत उजेडाकडे धरली. खालचं बर्फाचं आवार तिच्यातून हललं. “पण आपा, एक विचारू? माझं डोकं थोडं जाड आहे. आजोबांना एवढं माहीत होतं, तर त्यांनी तुम्हाला तिथून जायलाच का नाही सांगितलं?”

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. लग्नांत माणसं खात असतात, रेल्वेत माणसं ऐकल्यासारखं करतात. झुबारेवने तोंड उघडलं, किंचित, कानांचे पडदे सांभाळायला उघडतात तेवढंच.

“जाणार कसे?” रायखान म्हणाली. “बाबांचा पाय मोडला होता ना. आणि हे आले होते चालत. यांनी काय पाठीवर घालून न्यायचं होतं?”

“ते पण खरंच,” ओराझबेक म्हणाला.

उत्तर फार पटकन आलं होतं. विचार करून दिलेल्या उत्तराला जो एक श्वास लागतो तो लागलाच नाही. ते शिवून, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेलं उत्तर होतं आणि रायखानने ते नुसतं कपाटातून काढून समोर ठेवलं. झुबारेव तिच्याकडे बघत राहिला. त्या दुपारी ट्रकचं इंजिन तापलं होतं. ड्रायव्हर सावलीला झोपला होता. विहिरीवरून बादली भरून आणून रेडिएटरमध्ये पाणी ओतलं होतं ते रायखाननेच, फळीवर चढून, झाकणाला हात भाजला म्हणून तो ओठांत धरून. मागे वळून तिने ट्रकची रिकामी पाठ पाहिली होती, आणि विचारलं होतं, परत जाताना रिकामाच जातो का हा? आणि तो म्हणाला होता, हो. बस एवढंच. नंतर ट्रक गेला होता. ती दाराशी उभी राहून धूळ बसेपर्यंत बघत होती; आरशात दिसली होती.

म्हणजे ते ‘चालत’ ऊन वाढवण्यासाठी नव्हतं. हौस नव्हती. हा प्रश्न ओराझबेकच्या किती तरी आधी रायखानने स्वतःलाच विचारला होता, कदाचित पहिल्या पाळण्यानंतर, कदाचित दुसऱ्यानंतर, कदाचित लग्नाआधीच, दोसानला चमच्याने भरवताना. आणि मग भांडण नाही, रडणं नाही, तिने नुसता गोष्टीतून ट्रक काढून टाकला होता. ट्रक काढला की नवऱ्यासोबत राहता येत होतं. आणि दर लग्नात, दर प्रवासात ती ती गोष्ट इतरांना सांगत नव्हती. ती तपासून बघत होती की अजून शाबूत आहे का. आंधळा दोसान काचांवरून हात फिरवायचा, तसा.

“धरा, आजोबा,” ओराझबेक म्हणाला आणि त्याने काच झुबारेवकडे दिली. “मी चौकट उपटतो तोवर.”

काच थंडगार होती आणि वाटली होती त्याहून जड. झुबारेव ती घेऊन बाल्कनीच्या कठड्याशी उभा राहिला. आता तिथे खिडकी नव्हती, नुसती हवा होती. बुडबुडा त्याच्या अंगठ्याखाली होता. पुढे काय झालं हे तो स्वतःलाही नीट सांगू शकला नसता. बोटं बधिर झाली होती हे खरं होतं, आणि बोटं त्याने सोडली हेही खरं होतं. काच तिसऱ्या मजल्यावरून, एकदा उन्हात चमकून, खाली गेली.

आवाज आला नाही.

“अरे देवा,” ओराझबेक म्हणाला आणि वाकला. मग हसायलाच लागला. “आपा! आपा, इकडे या!”

आवारात रखवालदाराने हिवाळाभर रचलेला बर्फाचा ढीग होता, छातीएवढा. त्यात ती कडेवर रुतून उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि तिच्यातून मागची झोपाळ्याची दांडी वाकडी दिसत होती. एक टवकासुद्धा गेला नव्हता.

रायखान कठड्याशी आली. ती काचेकडे फार वेळ बघत राहिली नाही. झुबारेवकडे बघत राहिली, त्याच्या रिकाम्या हातांकडे, आणि मग तिने त्या हातांत त्याचे लोकरी हातमोजे दिले.

“म्हटलं नव्हतं?” ती म्हणाली. “नाही फुटत ती. जा, घेऊन ये.”

“मी जातो ना पळत,” ओराझबेक म्हणाला.

“तू तुझं काम कर. ती यांनीच आणायची.”

जिन्यात कोबी शिजल्याचा वास होता. झुबारेव कठडा धरून एकेक पायरी उतरला, आवारात आला. ढिगाजवळ जाऊन त्याने काच दोन्ही हातांनी उपसली, बाहीने बर्फ पुसला, छातीशी धरली. बाहेर ऊन पडलं होतं, थंडीच्या अखेरीचं, डोळ्यांत पाणी आणणारं. त्याने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, चौकट नसलेल्या भगदाडात, रुमाल बांधलेली एक बाई उभी होती आणि उन्हाला हात आडवा धरून बघत होती, धूळ बसेपर्यंत बघावं तसं.

“लेफ्टनंट!” तिने वरून हाक मारली. आवारातल्या दोन बायका वळून बघू लागल्या. “घाई करू नकोस. सावकाश ये. चालत ये!”

झुबारेवने काच जरा वर सरकवून नीट धरली, आणि आवारातून तिच्याकडे चालू लागला.